प्रा. जोसेफ मुंडश्शेरी आणि केरळचा शिक्षण कायदा

केरळातील अनुदानित खाजगी शाळांत शिक्षकाचे सर्व भवितव्य एके काळी व्यवस्थापकाच्या हाती असे. नेमणूक त्याची, बडतर्फीही त्याचीच. पावतीवर पूर्ण वेतनाची सही घ्यावयाची आणि हातावर मात्र कमी रक्कम ठेवावयाची, अशी तक्रार त्या काळी सर्रास ऐकू येई. ही रीत कायद्याने मोडू पाहणारे शिक्षणमंत्री प्रा. जोसेफ मुंडश्शेरी हे स्वतः शिक्षकच होते.

त्यांचा जन्म १७ जुलै १९०३ रोजी त्रिचूरजवळील कंडश्शांकडवु येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. पदवी भौतिकशास्त्राची, पुढे मात्र ते मलयाळम् व संस्कृतकडे वळले आणि त्रिचूरच्या सेंट थॉमस महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. मलयाळम् साहित्यात समीक्षक म्हणून त्यांचा मोठा अधिकार होता. ‘प्रोफेसर’ ही त्यांची कादंबरी अध्यापकाच्या जीवनावरच आहे. शिक्षकाच्या परावलंबित्वाची त्यांची जाण पुस्तकी नव्हती, हे त्यांच्या पुढील कार्याकडे पाहताना ध्यानी घ्यावे लागते.

१९५४ साली ते त्रावणकोर-कोचीन विधानसभेवर निवडून आले. १९५७ मध्ये नव्या केरळ राज्याच्या पहिल्या निवडणुकीत मणलूर येथून त्यांस यश मिळाले. ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले व मुंडश्शेरी शिक्षणमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी शिक्षण विधेयक मांडले. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन शासनाने परस्पर द्यावे, अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून कोणासही काढू नये, लोकसेवा आयोगाने जिल्हावार निवडलेल्या उमेदवारांतूनच नेमणुका व्हाव्यात आणि प्रसंगी शाळा शासनाने ताब्यात घ्यावी, अशी त्यात कलमे होती. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचीही तरतूद होती. पण सारा वाद पेटला तो व्यवस्थापकांच्या अधिकारावरून.

विधेयक संमत झाले, तरी राष्ट्रपतींनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठविले. २२ मे १९५८ रोजी न्यायालयाने आपले मत दिले. अल्पसंख्याकांस आपल्या संस्था चालविण्याचा हक्क आहे, परंतु त्या हक्कात गैरकारभाराची मुभा येत नाही, असा त्याचा आशय होता. शिक्षकांचे वेतन, नेमणूक व सेवासुरक्षा यांविषयीची कलमे न्यायालयाने, काहीशा अनिच्छेनेच का होईना, ग्राह्य धरली. शाळा ताब्यात घेण्याची कलमे मात्र अल्पसंख्याकांच्या संस्थांबाबत टिकली नाहीत. सुधारलेल्या विधेयकास १९ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली.

विरोध त्याने शमला नाही. कॅथलिक चर्च व मन्नत्तु पद्मनाभन् यांच्या नेतृत्वाखालील नायर सर्व्हिस सोसायटी या दोन्ही शक्ती, ज्यांच्या शाळा राज्यभर पसरल्या होत्या, एकत्र आल्या. ज्या समाजात मुंडश्शेरी वाढले, ज्याच्या महाविद्यालयात त्यांनी शिकविले, त्याच समाजाचा रोष त्यांच्यावर ओढवला. आंदोलनास इतरही कारणे होती; तथापि पहिली ठिणगी या कायद्याचीच मानली जाते. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते मंत्रिमंडळ बरखास्त केले. वेतनाच्या निर्विवाद न्याय्य मागणीसोबत शाळा ताब्यात घेण्याचा प्रश्न एकाच विधेयकात आणल्याने विरोधकांस एकजूट करणे सोपे गेले, असे म्हणावयास जागा आहे.

नव्या शासनाने १९६० साली नेमणुकीचे कलम बदलून ठरावीक पात्रतेच्या उमेदवारांतून निवड करण्याचा अधिकार व्यवस्थापकांकडे परत दिला. परंतु शासनाकडून थेट वेतन देण्याचे तत्त्व कोणीही मागे घेतले नाही. केरळातील अनुदानित शाळांत नेमणूक व्यवस्थापकाची आणि वेतन शासनाचे, ही व्यवस्था अद्यापि चालू आहे.

१९७१ साली कोचीन विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा मुंडश्शेरी त्याचे पहिले कुलगुरू झाले. २५ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.