टॅबलेटचा पेन का जुळत नाही?
(विद्यार्थी व पालकांसाठी अभ्यासपाठ)



२०२० सालच्या टाळेबंदीत शाळा-कॉलेजचे वर्ग मोबाईलवर आले आणि त्यानंतरच्या काळात टॅबलेट ही वस्तू आपल्या घरांतूनही दिसू लागली. कुणी हप्त्यावर घेतला, कुणाला नोकरीवर लागलेल्या मोठ्या भावाने घेऊन दिला. नागपूरच्या महाज्योती या शासकीय संस्थेने जेईई, नीट व सीईटीच्या तयारीसाठी निवडलेल्या इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना टॅबलेट दिले. आज अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही अभ्यासिकेत डोकावले तर वह्या-पुस्तकांच्या जोडीला दोन-चार टॅबलेट हमखास दिसतील. टॅबलेट आला की मागोमाग त्याच्यावर लिहिण्याचा पेन येतो. गणिताची उदाहरणे सोडवायला, रसायनशास्त्राच्या साखळ्या काढायला, पीडीएफवर खुणा करायला त्याचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही. परंतु पेन घरी आला की आठ-पंधरा दिवसांत एक तक्रार ठरलेली असते : “सर, पेन कनेक्टच होऊन नाही राहिला.”

प्रस्तुत लेखात या तक्रारीचा विचार करावयाचा आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरात आईबाप रोजमजुरीवर जातात त्या घरात दोन-अडीच हजारांचा पेन ही किरकोळ वस्तू नव्हे. आणि या तक्रारींचे स्वरूप नीट पाहिले तर असे दिसते की, पुष्कळ वेळा पेन बिघडलेलाच नसतो. तो त्या टॅबलेटसाठी बनलेला नसतो, अथवा त्याला ‘कनेक्ट’ करण्याची मुळी गरजच नसते. म्हणून सेटिंगमध्ये बोटे घालण्याआधी आपल्या हातातील पेन कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे, हा या अभ्यासातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

बाहेरून सगळे पेन सारखेच दिसतात. आतून मात्र त्यांच्यात बैल आणि ट्रॅक्टर यांच्याइतका फरक असतो.

सर्वांत साधा पेन म्हणजे रबरी बोंडाचा अथवा पारदर्शक चकतीचा. तो शे-दीडशे रुपयांत मिळतो. त्यात बॅटरी नाही, तार नाही, काही नाही. टॅबलेटच्या काचेखाली बारीक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. आपले शरीर विद्युतवाहक असल्याने बोट टेकताच त्या जागेची विद्युतधारिता बदलते आणि ती जागा टॅबलेटला कळते. रबरी पेन हाताची हीच वाहकता काचेपर्यंत पोहोचवतो. जाड हातमोजा घालून तो धरला तर चालणार नाही. या पेनाचे नाव ब्लूटूथच्या यादीत शोधत बसणे म्हणजे लाकडी पाटीला चार्जर लावण्यासारखे आहे.

दुसरा पेन बारीक टोकाचा, बॅटरीचा. त्याला चार्जिंगचे छिद्र असते, डोक्यावर बटण असते, निळा दिवा लागतो. म्हणून माणसाला वाटते की हा जोडावाच लागेल. पण यातील बहुसंख्य पेन बॅटरीच्या जोरावर फक्त बोटाची नक्कल करतात. चालू करा आणि लिहा, इतकेच. टॅबलेटच्या दृष्टीने ते बोटच असल्यामुळे काचेवर तळहात टेकला की त्याचेही फराटे उमटतात. हा दोष पेनाचा नाही, ती त्या जातीची मर्यादा आहे. लिहिताना तळहाताखाली जाड कागदाची घडी ठेवावी, काम भागते.

याच रूपाचे काही पेन फक्त आयपॅडसाठी असतात, आणि फसगत होते ती येथे. दुकानदार ‘टॅबलेटचा पेन’ म्हणून देतो, खोक्यावर बारीक अक्षरांत ‘२०१८ व त्यानंतरचे आयपॅड’ असे छापलेले असते, आणि घरी असतो अँड्रॉइडचा टॅबलेट. असा पेन त्यावर शंभर वेळा चालू-बंद केला तरी लिहिणार नाही.

तिसरी जात विद्यार्थ्यांनी विशेष समजून घेण्याजोगी आहे, कारण तिचे मूळ बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. सॅमसंगचा एस-पेन या जातीचा. त्याचे तंत्र वॅकॉम या जपानी कंपनीचे. या टॅबलेटमध्ये पडद्याच्या मागे आणखी एक थर असतो आणि त्यावर तारांची जाळी असते. ती जाळी सतत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. पेनाच्या टोकाजवळ छोटेसे वेटोळे असते. पेन जवळ येताच त्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह प्रवर्तित होतो आणि पेन तेवढ्या ऊर्जेवरच उलट संकेत पाठवतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. आपण जनित्राची आकृती काढून गुण मिळवतो ते हेच तत्त्व पेनाच्या टोकात बसले आहे. म्हणूनच एस-पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही आणि जोडणीही लागत नाही. २०२० साली आलेल्या गॅलक्सी टॅब एस-६ लाइटबरोबर मिळणाऱ्या पेनात तर ब्लूटूथ नाहीच. काही महाग टॅबलेटच्या एस-पेनात ब्लूटूथ असते, ते लांबून फोटो काढणे वा पाने उलटणे अशा कामांसाठी. ‘एस-पेन डिस्कनेक्ट झाला’ अशी पाटी आली आणि अक्षरे मात्र उमटत आहेत, तर अभ्यास खुशाल चालू ठेवावा.

मात्र ही जाळी ज्या टॅबलेटमध्ये नाही त्यावर एस-पेन म्हणजे प्लॅस्टिकची कांडी. कंपनी एकच असली म्हणून सर्व टॅबलेट सारखे नसतात. २०२३ चा गॅलक्सी टॅब ए-९ हा सॅमसंगचाच, परंतु एस-पेन त्यावर चालत नाही.

चौथी जात खऱ्या अर्थाने जोडाव्या लागणाऱ्या पेनांची. ॲपल पेन्सिल त्यात येते, तसेच काही अँड्रॉइड कंपन्यांचे आपापल्या टॅबलेटसाठी बनवलेले पेनही येतात. यांची भाषा कंपनीगणिक वेगळी. एकाचा पेन दुसऱ्याच्या टॅबलेटवर गेला की वऱ्हाडी माणसाशी जपानीत बोलल्यासारखे होते. ॲपलच्या घरातही चार बोली आहेत. २०१५ च्या पहिल्या पेन्सिलीचे टोपण काढून ती आयपॅडच्या चार्जिंगच्या छिद्रात खोचायची असते. २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडचे छिद्र बदलले, म्हणून तेथे तिला वेगळा अडॅप्टर लागतो. २०१८ ची दुसरी पेन्सिल ठरावीक आयपॅडच्या कडेला चुंबकाने चिकटली की जुळते. पण साध्या आयपॅडवर ती चालत नाही. २०२३ ची यूएसबी-सी पेन्सिल चिकटते, मात्र चिकटून ना चार्ज होते ना जुळते, तिला केबलच लावावी लागते. ही पेन्सिल भारतात ७,९०० रुपयांना आली होती. २०२४ ची पेन्सिल प्रो तर निवडक नव्या आयपॅडसाठीच आहे. म्हणून कुणाची वापरलेली पेन्सिल स्वस्तात मिळते आहे म्हणून उडी घेऊ नये. सेटिंगमध्ये ‘टॅबलेटविषयी’ या सदरात मॉडेलचे नाव असते. ते कागदावर उतरवून घ्यावे आणि पेनाच्या कंपनीच्या यादीशी ताडून पाहावे. या पाच मिनिटांच्या कामाने अर्धे प्रश्न सुटतात.

आता पेन योग्य जातीचा आहे, काल चालत होता, आज चालत नाही, असे धरून पुढे जाऊ.

प्रथम बोटाने लिहून पाहावे. बोटही चालत नसेल तर दोष पडद्यात वा टॅबलेटमध्ये आहे. पेनाला उगाच आरोपी करू नये. बोट चालते, पेन नाही, तर पेनाची बॅटरी पाहावी. चार्जिंगच्या पेनाला अर्धा-पाऊण तास चार्जरला लावून मगच निकाल द्यावा. नव्या पेनाच्या सेलखाली बहुधा एक प्लॅस्टिकची पट्टी असते, ती ओढून काढलेली आहे ना हे बघावे. ही पट्टी न काढता पेन परत करायला निघालेले लोक आहेत. काही पेनांना लागणारा सेल आपण रिमोटमध्ये घालतो त्या बारीक सेलहूनही बारीक असतो. तो लहान गावात सहसा मिळत नाही. दर्यापूर, तेल्हारा, पातूरकडच्या विद्यार्थ्यांनी शहरात आल्यावर एक जास्तीचा घेऊन ठेवावा.

परीक्षेनंतर पेन दोन-तीन महिने कपाटात पडून राहतो, हीही एक मोठी अडचण. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरून तशीच राहिली तर पुढे चार्ज घेईनाशी होते. सुटीतही महिन्यातून एकदा पेन चार्ज करावा.

त्यानंतर ब्लूटूथ. जोडणीच्या पेनाचे जुने नाव यादीतून पुसून टाकावे, टॅबलेट बंद करून पुन्हा चालू करावा आणि नव्याने जोडावे. केवळ ब्लूटूथ बंद-चालू करण्यापेक्षा जुनी नोंद पुसण्याने अधिक काम होते. एक पेन दोन भावंडे वापरत असतील तर तो शेजारच्या खोलीतील टॅबलेटशी जुळून बसलेला नाही ना, हेही पाहावे. आयपॅडवर आधी खरी ॲपल पेन्सिल जोडलेली असेल आणि आता दुसऱ्या कंपनीचा पेन वापरायचा असेल, तर पेन्सिलीची नोंद काढल्याशिवाय तो पेन नीट चालत नाही.

पेन जुळला आहे असे दिसते आणि अक्षर उमटत नाही, अशा वेळी टोक बघावे. ॲपल पेन्सिलीचे टोक फिरकीचे असते. ते सैल झाले तरी लिहिणे बंद पडते. बोटाने घट्ट करावे, पक्कड लावू नये. टोक झिजते, ती बदलायचीच वस्तू आहे. मग दुसऱ्या ॲपमध्ये लिहून पाहावे. टॅबलेटबरोबर आलेल्या साध्या नोंदवहीत पेन चालतो आणि क्लासच्या ॲपमध्ये नाही, तर पेन निर्दोष आहे.

कव्हरकडे कुणाचे लक्ष जात नाही. पाकिटासारख्या कव्हरला झाकण मिटण्यासाठी चुंबक असतात. एस-पेनच्या जातीला चुंबकाचा त्रास होतो. पानाच्या एका ठरावीक जागी रेघ वाकते वा तुटते आणि इतरत्र ठीक येते, तर कव्हर काढून त्याच जागी पुन्हा रेघ ओढून पाहावी. पडद्यावर लावलेली जाड संरक्षक काच हेही एक कारण. तिच्या कडेला हवा शिरली असेल तर पेन तेथे अडखळतो.

आपल्या वऱ्हाडाचे म्हणून आणखी एक कारण आहे, ते परदेशी माहितीपत्रकांत मोठ्या अक्षरांत सापडत नाही. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि टिनाच्या खोलीत दुपारी काय होते हे सांगायला नको. तापलेला टॅबलेट स्वतःला वाचवण्यासाठी चार्जिंग थांबवतो, पडदा मंद करतो; पेनही तापल्यावर चार्ज घेत नाही. उन्हातून आल्यावर बॅगेतील टॅबलेट व पेन कुलरसमोर न धरता (ओलावा आणखी वाईट) सावलीत अर्धा तास ठेवावेत.

आता सर्वांत खर्चिक कारण. टॅबलेट पडला, काच फुटली, दुकानात बदलून आणली; बोट उत्तम चालते, पण तेव्हापासून पेन मेला. वर सांगितलेला पडद्यामागील तारांचा थर येथे आठवावा. तो पडद्याहून वेगळा असतो. दुरुस्तीत त्याची पट्टी जोडायची राहिली, फाटली, अथवा स्वस्तातील पडद्याबरोबर तो थर बसवलाच नाही, तर बोटाला काही फरक पडत नाही, पेनाला मात्र टॅबलेट दिसेनासा होतो. अशा वेळी नवा पेन घेऊन काहीही होणार नाही. काच बदलायला देताना दुकानदाराला पेनाने लिहून दाखवावे, परत घेताना चारही कोपऱ्यांत पेनाने रेघा ओढून पाहाव्यात आणि मगच पैसे द्यावेत. पेन घरी ठेवून टॅबलेट तेवढा दुरुस्तीला नेणे टाळावे.

खरेदीलाही हीच रीत. टॅबलेट सोबत नेऊन दुकानातच लिहून पाहावे. ऑनलाइन मागवायचा तर ‘सर्व टॅबलेटवर चालतो’ या वाक्यावर न विसंबता आपल्या मॉडेलचे नाव यादीत आहे का हे पाहावे, त्या पानाचे चित्र काढून ठेवावे, आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे वाचावे. पेन आल्या दिवशीच तपासावा. मुदतीनंतर उघडलेल्या खोक्याला कुणी विचारत नाही.

बिल नेहमी मागावे. पेन यादीप्रमाणे चालत नाही आणि विक्रेता दाद देत नाही, असे झाले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करू शकतो. विक्रेता बंगलोरचा असो की दिल्लीचा, मूर्तिजापूरच्या विद्यार्थ्याने अकोल्यात आणि अचलपूरच्या विद्यार्थ्याने अमरावतीत अर्ज करावा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी या अर्जाला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. अर्जासोबत बिल, विक्रेत्याच्या पानाचे काढून ठेवलेले चित्र आणि टॅबलेटचे मॉडेल लिहिलेला तो कागद जोडावा.