पावसाचे पाणी आणि मोटारीचे इंजिन

हैदराबाद शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हा आकडा लहानच म्हणावा लागेल. तथापि, या पावसाचा स्वभाव निराळा आहे. दिवस दिवस रिपरिप करण्याऐवजी तो पुष्कळदा सायंकाळी वा रात्री एकाएकी कोसळतो आणि तास-दोन तासांत रस्त्यांचे ओढे करून टाकतो. मराठवाड्यातील लोकांचा या पावसाशी संबंध जुना आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, पण ये-जा काही थांबली नाही. आजही नांदेड, देगलूर, उदगीर या भागांतून औषधोपचारासाठी हैदराबादला जीप किंवा मोटार करून जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. रुग्ण इस्पितळात दाखल होतो, गाडी दोन-चार दिवस बाहेर एखाद्या झाडाखाली उभी राहते, मधल्या काळात पाऊस होऊन जातो आणि रुग्णाला घरी न्यावयाच्या दिवशीच ती सुरू होत नाही. ‘इंजिनात पाणी गेले’ असे म्हणून चालक मोकळा होतो.

या एका वाक्यात दोन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या आहेत. इंजिनावर पाणी पडणे ही एक आणि इंजिनात पाणी शिरणे ही दुसरी. पहिलीचे निवारण बहुधा कोरड्या फडक्याने आणि थोड्या धीराने होते. दुसरीत उतावळेपणा केला, तर संपूर्ण इंजिन उतरवावे लागते. म्हणून कोणती गोष्ट घडली आहे, हे किल्ली फिरवण्यापूर्वीच ठरविले पाहिजे.

प्रथम वरून पडणाऱ्या पाण्याचा विचार करू. बॉनेट ही काही छत्री नव्हे. तिच्या कडांतून थोडे पाणी आत येणार, हे गाडी बनविणाऱ्यांनी गृहीत धरलेलेच असते. खरा पाण्याचा लोट येतो तो समोरच्या काचेवरून. हे सर्व पाणी वायपरच्या खाली असलेल्या जाळीतून एका पन्हळीत उतरते आणि पन्हळीच्या टोकांशी असलेल्या छिद्रांवाटे चाकांच्या बाजूने जमिनीवर पडते. छिद्रे मोकळी आहेत तोवर इंजिनाला या पाण्याचा उपद्रव नाही. ती तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी मागच्या बाजूने इंजिनावर सांडू लागते. क्वचित तेच पाणी हवेच्या मार्गाने गाडीच्या आतही येते. पुढच्या आसनाखालील गालिचा कारण नसताना ओला लागला, तर संशय प्रथम या छिद्रांचा घ्यावा.

छिद्रे तुंबतात ती झाडांमुळे. फाल्गुनात कडुनिंबाची पाने झडतात, पुढे लिंबोळ्या पडतात आणि वळवाच्या सरींबरोबर गुलमोहराच्या पाकळ्या व बारीक पाने जाळीतून सहज खाली जातात. उन्हाळ्याच्या धुळीत हा पाचोळा बसतो आणि पहिल्या पावसाने त्याचा लगदा होतो. सावली हवी म्हणून गाडी झाडाखाली लावणे स्वाभाविकच आहे. ती लावू नये असे सांगण्यात अर्थ नाही. मात्र मृगापूर्वी एकदा आणि त्यानंतर पंधरवड्याने बॉनेट उघडून जाळीच्या दोन्ही टोकांचा पाचोळा हाताने काढावा. मग काचेवर तांब्याभर पाणी ओतून ते खाली दोन्ही बाजूंनी पडते की नाही, ते पाहावे. एका बाजूने पडले नाही, तर त्या बाजूचे छिद्र बंद आहे. ते मऊ तारेने हलकेच मोकळे करावे. जोर केल्यास रबरी नळी निसटते. बॉनेटच्या कडेची रबरी पट्टी उन्हाने कडक होऊन तडकली असेल, तर तीही बदलून घ्यावी. हा खर्च किरकोळ असतो.

पाणी वरून पडल्यावर बिघडते काय, तर विजेची व्यवस्था. पूर्वीच्या ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल धरली की ठिणगी पडत नसे. टोपी काढून पुसली की गाडी सुरू होई. आजच्या पेट्रोल गाड्यांत पाणी प्लगच्या खळग्यांत साचते आणि गाडी मिसिंग करते. अशी गाडी तशीच दामटणे बरे नाही, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रात जाऊन ते तापते व निकामी होते. जुन्या डिझेल जीपमध्ये ठिणगीच नसल्यामुळे ती ओलीचिंब होऊनही चालत असे, आणि खेड्यापाड्यांत तिचा लौकिक झाला तो काही अंशी यामुळेच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांबाबत मात्र ही खात्री बाळगू नये. त्यांत सेन्सर आणि विजेची जोडणी पुष्कळ असते.

काही चालक इंजिनावर आतून गोणपाट किंवा प्लास्टिक अंथरतात. हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे. तापलेल्या भागाला लागून ते पेट घेऊ शकते. उभ्या, थंड गाडीच्या बंद बॉनेटवर ताडपत्री टाकण्यास हरकत नाही, पण निघताना ती काढली पाहिजे. इंजिन चकचकीत दिसावे म्हणून जोराच्या फवाऱ्याने धुण्याची हौसही टाळावी. पाऊस जेथे पोचत नाही, तेथे हा फवारा पोचतो.

आता दुसरी गोष्ट. मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर विश्वेश्वरय्या यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. परंतु शहरातील नाले आणि तलावांचे सांडवे पुढे बांधकामांनी अरुंद झाले. १३ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत टोळीचौकीसारख्या वस्त्यांत पाणी भरून राहिले आणि कितीतरी मोटारी त्यात बुडाल्या. अशा वेळी पाणी वरून येत नाही. ते हवा ओढणाऱ्या नळीतून, एअर फिल्टर ओलांडून थेट सिलिंडरमध्ये जाते. चालत्या गाडीने खोल पाण्यात शिरल्यासही हेच घडते.

त्यानंतर काय होते, हे शिक्षकांना वर्गात दाखविता येईल. सुई नसलेल्या एका पिचकारीत, म्हणजे सिरिंजमध्ये, हवा घ्यावी, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबावा. तो आत जातो. मग पाणी भरून हवेचा बुडबुडा काढून टाकावा आणि पुन्हा दाबावे. दट्ट्या हलत नाही. इंजिनातील पिस्टन म्हणजे हाच दट्ट्या. हवा दाबण्यासाठी तो वर येतो आणि पाण्यावर आदळतो. तेव्हा त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो.

म्हणून साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, अथवा रात्री उभी असताना पाणी बॉनेटपर्यंत चढून गेले, तर सेल्फ मारू नये. एकदाही नाही. धक्का देऊन, गिअरमध्ये टाकून सुरू करण्याचा प्रयत्नही त्याच कारणाने घातक आहे. बॅटरीची तार सोडावी आणि गाडी ओढून नेण्याची सोय करावी. एअर फिल्टरची पेटी उघडून पाहिल्यास पुष्कळ उलगडा होतो. फिल्टर ओला निघाला, तर पुढचे काम मेकॅनिकचे. तो पेट्रोल गाडीचे प्लग काढून इंजिन हाताने फिरवील आणि पाणी बाहेर काढील. ऑइलची पट्टीही पाहावी. तिच्यावरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे आणि ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करता येणार नाही. पाणी शिरल्यावर सेल्फ मारून झालेली इंजिनाची हानी सर्वसाधारण मोटार विम्यातून बहुधा मिळत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. विम्याचे नूतनीकरण करताना हे कलम आपल्या विमापत्रात आहे किंवा नाही, ते विचारून घ्यावे.