रबर बदलले, रिंग राहिली

राजूरच्या गणपतीचे दर्शन घेऊन टेकडी उतरताना पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये हलकीशी ‘धक्’ लागत होती. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. एप्रिलचे ऊन, डांबर मऊ झालेले, त्यामुळे रिमला डांबराचा गोळा चिकटला असणार, असा निष्कर्ष अस्मादिकांनी बसल्या जागीच काढला. उतरून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. जालना पंचवीस-तीस किलोमीटर, ऊन आणखी चढायच्या आत घर गाठायचे होते.

पुढे रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या. वेग कमी करायला ब्रेक दाबला आणि सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. शेळ्या पांगल्या, चाक जागीच अडकले आणि अस्मादिक हँडलवरून पुढे गेले. वेग जेमतेम होता म्हणून कोपर आणि गुडघ्याच्या सालटांवर निभावले. टायर फुटला असेल, असे वाटत होते, पण टायर बऱ्यापैकी शाबूत होता. फाटली होती ती रिम. तिच्या एका बाजूची वीतभर पट्टी डब्याचे झाकण उचकटावे तशी बाहेर वळून ब्रेकच्या कैचीत रुतली होती आणि ट्यूबच्या चिंध्या आऱ्यांमध्ये लोंबत होत्या.

मोसंबीचे रिकामे क्रेट घेऊन निघालेल्या एका छोट्या हत्तीवाल्याने सायकल मागे टाकून जालन्यात आणून सोडली. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक हातात घेतले, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “भाऊ, ब्रेकचं रबर तं लय येळा बदललं असन. रिंग कव्हा बदलली?”

रिंग कधी बदलायची असते, हेच अस्मादिकांना माहीत नव्हते. आणि या अज्ञानात ते एकटे नाहीत. आपल्या डोक्यातली सायकल अजूनही आजोबांची काळी सायकल असते. तिची रिम पोलादाची. तिचे सळ्यांचे ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला, तुंब्याकडून, घासतात. टायर धरून ठेवणाऱ्या बाजूच्या भिंतीला हातही लावत नाहीत. ती रिम गंजते, खड्ड्यात वाकते, पावसात ब्रेकला दाद देत नाही, पण घासून घासून फाटली असे सहसा होत नाही. पोलाद वाकून सांगते. देशभर लोखंडी सळ्या पाठवणाऱ्या जालन्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आताच्या हलक्या सायकलींची रिम अॅल्युमिनियमची असते. डिस्क ब्रेक नसेल तर ब्रेकचे रबर थेट तिच्या बाजूच्या भिंतींवर दाबले जाते. म्हणजे ज्या भिंतीने टायर आवळून धरायचा, तीच भिंत ब्रेक म्हणून झिजत राहते. नवी असताना ती साधारण दीड मिलिमीटर जाड असते. एक मिलिमीटरच्या खाली गेली की तिचा भरवसा संपला. रबर झिजलेले दिसते, पंचवीस-पन्नास रुपयांत बदलता येते, म्हणून आपण ते बदलतो. रिमची झीज तशी डोळ्यात भरत नाही.

मराठवाड्यातले रस्ते या झिजेला हातभार लावतात. पावसाळ्यात काळ्या मातीची राड आणि खडीची कच मिळून चाकावर जे बसते, ते पॉलिशपेपरपेक्षा वेगळे नसते. त्यातले कण रबरात रुततात, रिमचा चकचकीत चुराही त्यातच जाऊन बसतो आणि मग प्रत्येक ब्रेकला रिम कातली जाते. ब्रेक दाबल्यावर खरखर ऐकू आली की रबर काढून सुईने ते कण टोकरून काढावेत. पाच मिनिटांचे काम आहे. कोरड्यात वर्षभर चालून जेवढी झीज होत नाही, तेवढी एका चिखलाच्या मोसमात होऊ शकते.

आता हवेचे. त्या दिवशी पहाटे अस्मादिकांनी 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये 100 पीएसआय हवा भरली होती, कारण टायरवर कमाल मर्यादा म्हणून तोच आकडा छापलेला होता. पण तो आकडा टायरचा. झिजलेल्या रिमची सोसण्याची ताकद त्यात धरलेली नसते. एवढ्या दाबाला टायर आपल्या कडेतून रिमच्या ओठाला दर सेंटीमीटरमागे सुमारे 10 किलो वजनाच्या जोराने ओढत असतो. त्यातून पहाटेचे 25 अंश दुपारी तापलेल्या रस्त्यावर 50 झाले, तर हवेच्या साध्या नियमानेच दाब आणखी जवळपास 10 पीएसआयने चढतो. टायर रुंद असेल तर त्याच दाबाला ओढही त्या प्रमाणात वाढते. म्हणून जाड टायर घातला की हवा कमी करायची. अनेक जण नेमके उलटे करतात.

रिम आणि टायरची फारकत झाली की काय होते, हे मोठ्या शर्यतींनीही पाहिले आहे. 14 जुलै 2003 रोजी टूर द फ्रान्समध्ये गॅप गावाकडे उतरताना स्पेनचा होसेबा बेलोकी वितळलेल्या डांबरावर घसरला, मागचे चाक अडकले, टायर रिमवरून निसटला. मांडी, कोपर आणि मनगट, तिन्हींची हाडे मोडली. फेब्रुवारी 2024 मध्ये यूएई टूरमध्ये बेल्जियमच्या थॉमस डी गेंटचा टायर रिमवरून सुटला, तेव्हा ओठ नसलेल्या, ‘हुकलेस’ म्हणतात त्या रिमवरून बराच गदारोळ झाला. अशा रिमसाठी कमाल दाब 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआय मानला जातो. महागडी सायकल घेऊन तिच्यात जुन्या सवयीने शंभर हवा मारणाऱ्यांनी हा आकडा पंपावरच लिहून ठेवावा.

मग झीज ओळखायची कशी? पुष्कळशा रिमच्या ब्रेकपट्टीवर कारखान्यातच एक बारीक खाच किंवा ठिपक्याएवढा खळगा ठेवलेला असतो. तो शोभेसाठी नसतो. सायकलींच्या सुरक्षिततेचे आयएसओ 4210 हे आंतरराष्ट्रीय मानक अशा झिजेची सूचना स्वाराला मिळावी, असे सांगते. खाच नखाला लागेनाशी झाली की रिमचे आयुष्य संपले. खाच नसेल तर शाळेच्या कंपासपेटीतली पोलादी पट्टी रिमच्या बाजूवर उभी टेकवून उजेडाकडे धरावी. मधे चंद्रकोरीसारखी फट दिसली की भिंत आत खाल्ली गेली आहे. कॅलिपरने मोजायचे तर रिमच्या ओठामुळे त्याचे जबडे नीट बसत नाहीत. आऱ्याचे दोन तुकडे भिंतीच्या आत-बाहेर धरून एकूण माप घ्यायचे आणि तुकड्यांची जाडी वजा करायची. मिस्त्रींनी फाटलेल्या रिमच्या दुसऱ्या, शाबूत बाजूचे माप असेच घेतले. तीही एक मिलिमीटरला पोचत नव्हती.

आणि ती ‘धक्’. भिंत फुगून बाहेर येऊ लागली की चाकाच्या दर फेऱ्याला तो फुगवटा ब्रेकच्या रबराला धडकतो. चाक आऊट असल्यावरही असे होते, सांधा उंच असला तरी होते, डांबर चिकटल्यावरही होते. पण काल नव्हती आणि आज लागते आहे, अशी धक् असेल तर उतरायचे. सायकल उचलून चाक हळू फिरवायचे, दोन्ही बाजूंना बोट लावून पाहायचे. फुगवटा किंवा केसाएवढी चीर दिसली तर पहिले काम म्हणजे हवा सोडणे, कारण भिंतीला फाडणारा जोर त्या हवेतच आहे. पुढचा ब्रेक मोकळा करून ठेवायचा आणि चालत निघायचे किंवा कुणाला तरी हात करायचा. चिकटपट्टी गुंडाळून, केबल टाय बांधून ‘गावापर्यंत जाईल’ हा हिशेब करू नये. चालत्या सायकलीवर शंका आली तर पुढचा ब्रेक सोडून, वजन मागे घेऊन, मागच्या ब्रेकने हळूहळू थांबावे.

सगळीच दुखणी एवढी जहाल नसतात. एखादा आरा तुटला तर तो शेजाऱ्याला गुंडाळायचा, ब्रेक थोडा सैल करायचा आणि सावकाश घर गाठायचे. खड्ड्यात रिमला आऊट आला तर मिस्त्री निप्पल-चावीने तो काढून देतात. पण आऱ्याच्या भोकाभोवती चीर पडली असेल तर चावी फिरवू देऊ नये. ताण वाढला की चीर पुढे पळते.

नव्या रिमसाठी मात्र थांबावे लागले. 26 आणि 28 इंची पोलादी रिंगा दुकानात खुंटीला टांगलेल्या होत्या, पण 622 मिलिमीटर मापाची, 32 भोकांची अॅल्युमिनियमची रिम संभाजीनगरहून मागवावी लागली. इथे एक बारकी गोष्ट: इंचांवर जाऊ नये. 26 इंच म्हणून विकली जाणारी टायरची मापे एकापेक्षा जास्त आहेत. 559 चा टायर 590 च्या रिमवर चढत नाही. टायरच्या कडेला ‘28-622’ सारखा जो आकडा असतो, तो फोटो काढून दुकानदाराला पाठवावा. आऱ्यांची लांबीही रिमच्या खोलीप्रमाणे बदलते, म्हणून जुने आरे तसेच बसतील असे गृहीत धरू नये.

मिस्त्रींनी एका दुपारी चाक विणून दिले, आऊट काढला आणि रिमच्या आतल्या पट्टीवर बॉलपेनने तारीख घातली. तेव्हापासून अस्मादिकांनी रबर दोनदा बदलले आहे. दोन्ही वेळा खाच नखाला लागली.