चाचणीसाठी आभासी यंत्र कोणते निवडावे?

धारगळ येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या वास्तूचे उद्घाटन झाले. अशा गावातील एखाद्या रुग्णालयाचा नोंदणी-सर्व्हर पावसाळ्यात वीज खंडित होऊन बंद पडला, असे क्षणभर समजू. वीज परतली, सर्व्हरही सुरू झाला. परंतु नोंदी ज्या डिस्कवर आहेत ती जोडली गेली नाही. सकाळी खिडकीशी रांग लागली आहे आणि जुन्या रुग्णांचे कागद उघडत नाहीत. सर्व्हरच्या मांडणीच्या सूचनांची चाचणी झाली नव्हती असे नव्हे. ती झाली होती, उत्तीर्णही झाली होती. मात्र जेथे हा दोष दिसणे शक्यच नव्हते, अशा आधारावर ती घेतली गेली होती.

टेस्ट किचन किंवा मॉलिक्यूल यांसारखी साधने कोरे यंत्र उभे करतात, त्यावर सूचना चालवून पाहतात आणि तपासणीनंतर ते यंत्र नष्ट करतात. हे यंत्र कशावर उभे करावयाचे, हे मात्र आपणांस ठरवावे लागते.

सर्वांत जलद आधार डॉकरचा. २०१३ मध्ये आलेल्या या पद्धतीत काही सेकंदांत काम होते. तथापि कंटेनर हे पूर्ण यंत्र नव्हे. त्याला स्वतःचे कर्नल नसते. ते यजमान संगणकाचेच वापरते. त्यामुळे डिस्कची जोडणी, फायरवॉल आणि पुन्हा सुरू होणे यांची खरी परीक्षा तेथे होत नाही. आपल्या उदाहरणातील दोष नेमका येथेच लपला.

पूर्ण यंत्रासाठी दोन मार्ग प्रचलित आहेत. व्हर्च्युअलबॉक्स विंडोजच्या संगणकावरही चालते, ही कार्यालयांची मोठी सोय होय. त्याचा मूळ भाग मुक्त आहे. परंतु सोबतच्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना वेगळा असून कार्यालयीन वापरासाठी तो विकत घ्यावा लागतो. लेखापरीक्षणापूर्वीच हे पाहून ठेवलेले बरे! केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच अंतर्भूत आहे. जेथे चाचणीचा संगणक लिनक्सचा आहे, तेथे आम्ही केव्हीएमलाच पसंती देऊ. एकाच संगणकावर दोन्ही एकाच वेळी चालविण्याचा आग्रह धरू नये. प्रोसेसरच्या एकाच सुविधेसाठी त्यांची ओढाताण होते. चाचणीचा संगणक स्वतःच आभासी असल्यास आत दुसरे यंत्र उभे करण्याची परवानगी आधी चालू करून घ्यावी लागते.

प्रत्येक लहान फेरफारानंतर पूर्ण यंत्र उभारणे वेळखाऊ आहे. दैनंदिन चाचणी कंटेनरवर घ्यावी. प्रत्यक्ष सर्व्हरला हात लावण्यापूर्वी मात्र तीच चाचणी पूर्ण यंत्रावर घ्यावी. सूचना चालवून झाल्यावर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, डिस्क जोडली गेली आहे काय, सेवा आपोआप उभी राहिली आहे काय, हे पाहावे आणि मगच यंत्र नष्ट करावे.