संगणकाचा आवाज घरच्या स्टीरिओवर

आमच्या पेडणे महालातील पुष्कळ घरांत एखादा स्टीरिओ-संच कोपऱ्यात गप्प बसलेला आढळतो. घरातील कोणी आखातात नोकरीला असताना तो हौसेने आणला. पुढे कॅसेटी जीर्ण झाल्या आणि संचावर विणलेला रुमाल पडला. त्याच घरात आता अभ्यासासाठी संगणक आला आहे. गाणी, नाटके, भजने यांचे भांडार त्यावर खुले आहे; परंतु त्याचे स्पीकर अगदी लहान. म्हणून ज्याने त्याने कानांत इयरफोन घालून एकेकट्याने ऐकावे, अशी रीत पडली. या दोन यंत्रांची गाठ घालून दिली, तर सारे घर पुन्हा एकत्र बसून ऐकू शकेल. ती कशी घालावी आणि तिच्यामागील शास्त्र कोणते, हे येथे पाहावयाचे आहे.

ध्वनी साठविणे निराळे आणि तो ऐकविणे निराळे. याचा एक सुंदर दाखला गोमंतकाशीच निगडित आहे. केरी गावच्या थोर गायिका केसरबाई केरकर यांचे ‘जात कहाँ हो’ हे भैरवीतील साडेतीन मिनिटांचे गायन १९७७ साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. ज्या तबकडीवर ते कोरले, ती तांब्याची असून तिला सोन्याचा मुलामा दिलेला आहे. परंतु शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सोबत सुई ठेवली आणि तबकडी कशी वाजवावी, याच्या आकृत्या वेष्टनावर कोरल्या. वाजविण्याची सोय नसेल तर सोन्याची तबकडीही मुकीच, हे त्यांनी ओळखले होते. संगणकातील संगीताचेही तसेच आहे.

संगणकात ध्वनी आकड्यांच्या रूपाने असतो. सीडीच्या पद्धतीत प्रत्येक सेकंदाला डाव्या व उजव्या बाजूचे ४४,१०० - ४४,१०० आकडे नोंदलेले असतात. संगणकातील एक चिमुकले मंडल या आकड्यांपासून विजेची लहर तयार करते. ही लहर इयरफोनला पुरते. मोठा स्पीकर हलविण्याइतके बळ तिच्यात नसते. ते बळ देणे हे स्टीरिओमधील अँप्लिफायरचे काम होय. म्हणजे आपणांस फक्त ही लहर योग्य दारातून आत न्यावयाची आहे.

त्यासाठी लागणारी तार विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. तिच्या एका टोकास साडेतीन मिलिमीटर जाडीची पिन असते. या पिनेवरील दोन काळ्या वळ्यांमुळे तिचे तीन भाग पडतात : टोक डाव्या बाजूचे, मधला भाग उजव्या बाजूचा आणि बुंधा दोहोंना सामाईक. तारेच्या दुसऱ्या टोकास दोन पिना असतात. पांढरी डावी, तांबडी उजवी. लहान पीन संगणकाच्या इयरफोनच्या छिद्रात बसवावी. काही नव्या संगणकांना ते छिद्रच नसते. तेव्हा यूएसबीला लावावयाचा छोटा जोड घ्यावा.

पांढरी व तांबडी पीन स्टीरिओच्या मागे ‘ऑक्स’ अथवा ‘लाइन इन’ असे लिहिलेल्या जागी लावावी. ‘फोनो’ ही जागा तबकडीच्या सुईसाठी असते. सुईची लहर सुमारे ५ मिलिव्होल्ट, तर संगणकाची सुमारे एक व्होल्टपर्यंत, म्हणजे दोनशे पट. ती ‘फोनो’त घातल्यास आवाज फाटून कर्कश होतो. स्पीकरच्या तारा जेथे लावतात, त्या जागेस तर संगणक कधीही जोडू नये. तेथून जोरकस वीज बाहेर पडते आणि संगणक निकामी होऊ शकतो.

जोडणी करताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. नंतर स्टीरिओचा आवाज अगदी कमी ठेवून, संगणकाचा पाऊण करावा व मग स्टीरिओचे बटण हळूहळू फिरवावे.

कधी कधी गाण्याबरोबर भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, तिचाच हा नाद. संगणक व स्टीरिओ निरनिराळ्या ठिकाणी भूमीशी जोडलेले असले की त्यांच्यामधील तारेने एक वेटोळे पूर्ण होते आणि त्यातून किंचित वीज वाहू लागते. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून चालवून पाहावीत. तरीही गुणगुण न थांबल्यास ध्वनीच्या तारेत बसविण्याचा लहान विलगक ट्रान्स्फॉर्मर मिळतो, तो वापरावा. मात्र गुणगुण घालविण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पीन काढून टाकण्याचा जो उपाय काही जण सांगतात, तो कोणीही करू नये. यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरली, तर तीच पीन आपला जीव वाचविते. गाणे थोडे अशुद्ध ऐकू आले तर चालेल. जिवाशी खेळ नको. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडी विजा कडाडतात, तेव्हाही दोन्ही यंत्रांचे प्लग काढून ठेवावेत.

जोडणी झाल्यावर प्रथम केसरबाईंचेच ते गाणे लावून पाहावे. त्या काळचे मुद्रण एकाच वाहिनीचे असल्याने दोन्ही स्पीकरांतून सारखाच आवाज येतो आणि दोहोंपासून सारख्या अंतरावर बसल्यास गायिका मधोमध बसून गात आहे असे वाटते. घरातील वडीलधाऱ्यांना त्या जागी बसवावे. त्यांनी ऐकलेल्या गाण्यांच्या आठवणी कोणत्याही यंत्रात साठविलेल्या नाहीत. त्या ऐकावयाच्या तर कानांतील इयरफोन काढूनच ऐकावयास हव्यात.