डिप्सीची डोंगरवाट

पाठपरिचय

शर्यतीत सर्वांनी एकाच रेषेवरून, एकाच क्षणी निघावे आणि जो आधी पोहोचेल तो जिंकला असे म्हणावे, हा आपला सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका डोंगरवाटेवर भरणारी शर्यत मात्र शंभराहून अधिक वर्षे या समजुतीविरुद्ध चालत आली आहे. तेथे आठ वर्षांची मुलगी जिंकली आहे आणि बहात्तर वर्षांचे गृहस्थही जिंकले आहेत. त्यांचे प्रतिस्पर्धी ऐन पंचविशीतले होते. प्रस्तुत पाठात या शर्यतीची, तसेच त्याच वाटेवर सामान्य माणसांना धावायला आणणाऱ्या एका स्थानिक धावपटू मंडळाची माहिती दिली आहे. पाठ वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : सर्वांना सारखीच वागणूक देणे आणि सर्वांना सारखीच संधी देणे, ही एकच गोष्ट आहे का?

पाठ

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे मरीन हा डोंगराळ जिल्हा आहे. त्यातील मिल व्हॅली हे गाव दरीत वसले आहे, तर स्टिन्सन बीच हे गाव पॅसिफिक महासागराच्या काठी. दोन्ही गावांच्या मध्ये टॅमलपायस पर्वताच्या सोंडा आडव्या पडल्या आहेत. या सोंडा ओलांडून एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारी जी जुनी पायवाट आहे, तिलाच 'डिप्सीची वाट' म्हणतात. तिची लांबी सुमारे बारा किलोमीटर आहे. सपाट रस्त्यावर धावणाऱ्याला बारा किलोमीटरचे भय वाटत नाही. या वाटेवर मात्र अंतरापेक्षा चढ-उतारांचाच हिशेब अधिक ठेवावा लागतो.

मिल व्हॅलीच्या चौकातून निघाल्यावर थोड्याच वेळात पायऱ्या सुरू होतात. घरांच्या अंगणांना लागून वर चढत जाणाऱ्या या पायऱ्यांचे तीन टप्पे असून एकूण पायऱ्या पावणेसातशेहून अधिक आहेत. जेजुरी किंवा सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या ज्याने भरभर चढल्या असतील, त्याला पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पायऱ्या संपल्या तरी चढ संपत नाही. पहिली खिंड ओलांडली की वाट एकदम खाली, म्यूर वुड्सच्या जंगलात उतरते. येथे शेकडो वर्षे वयाचे रेडवुड वृक्ष उभे आहेत. १९०८ साली या जंगलाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देऊन संरक्षण देण्यात आले. जंगलातील ओढा पार केला की कमावलेली सगळी उंची गमावलेली असते, आणि खरा चढ तेथून सुरू होतो. तो 'कार्डिअ‍ॅक' नावाच्या माथ्यावर जाऊन संपतो. कार्डिअ‍ॅक म्हणजे हृदयासंबंधीचा. हे नाव कोणी धापा टाकतच ठेवले असावे. समुद्रसपाटीपासून हा माथा सुमारे १,३६० फूट उंच आहे. तेथून समुद्र दिसू लागतो. परंतु पुढचा उतार दगडांचा, मुळांचा आणि ओबडधोबड पायऱ्यांचा असल्यामुळे समुद्राकडे पाहण्याची चैन धावणाऱ्याला परवडत नाही.

या वाटेवरील शर्यतीचा उगम एका पैजेत आहे. १९०४ साली समुद्रकाठी 'डिप्सी इन' नावाचे विश्रामगृह उभे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोतील ऑलिम्पिक क्लब या व्यायाममंडळाचे सभासद डोंगर ओलांडून तेथे जात असत. त्यांच्यापैकी चार्ल्स बोआस आणि अल्फॉन्स कोनी या दोघांत त्या वर्षी पैज लागली : मिल व्हॅलीच्या रेल्वे स्थानकावरून निघून विश्रामगृहापर्यंत आधी कोण पोहोचतो? बोआस जिंकले. पैज लावणाऱ्या मित्रांना या प्रकारात इतकी गोडी वाटली की पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, त्यांनी रीतसर शर्यत भरवली. विश्रामगृह काळाच्या ओघात नाहीसे झाले. त्याचे नाव वाटेला आणि शर्यतीला चिकटून राहिले. मंदीच्या काळात १९३२ व १९३३ साली, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या वर्षांत आणि करोनाच्या साथीमुळे २०२० साली शर्यतीत खंड पडला. एरवी ती जून महिन्यातील दुसऱ्या रविवारी होते.

पहिल्या वर्षापासूनच या शर्यतीत एक विशेष नियम होता. दुर्बळ स्पर्धकाला आधी सोडायचे आणि बलवान स्पर्धकाला मागाहून. या आगाऊ सवलतीला शर्यतीच्या परिभाषेत 'हॅंडिकॅप' म्हणतात. आरंभी कोणाला किती मिनिटे द्यायची हे आयोजक त्या त्या व्यक्तीची कुवत पाहून ठरवीत. साहजिकच त्यात वाद होत. आपली कुवत मुद्दाम झाकून ठेवणारे महाभाग प्रत्येक देशात असतातच. १९६० च्या दशकात ही पद्धत बदलून सवलत वयावर आधारण्यात आली. पुढे स्त्री-पुरुष हा भेदही तीत विचारात घेतला जाऊ लागला. व्यक्तीविषयीचे मत बाजूला राहिले आणि सर्वांसाठी एकच तक्ता आला. एकोणीस ते तीस वर्षे वयाच्या पुरुषांना तक्त्यात काहीही सवलत नाही. अगदी लहान मुले आणि सर्वांत वृद्ध स्पर्धक यांना पंचवीस मिनिटांपर्यंत सवलत मिळते. गटांमागून गट एकेका मिनिटाच्या अंतराने सोडले जातात.

ही व्यवस्था एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, सत्तर वर्षांच्या आजोबांना हे अंतर धावायला ६८ मिनिटे लागतात आणि पंचवीस वर्षांच्या तरुणाला ५४ मिनिटे. दोघे एकदम निघाले तर तरुण १४ मिनिटे आधी पोहोचेल. त्यात पाहण्यासारखे काही उरणार नाही. आता आजोबांना १६ मिनिटे आधी सोडले, तर तरुण शेवटच्या रेषेवर येण्यापूर्वी दोन मिनिटे ते तेथे पोहोचलेले असतील. म्हणजे आजोबा आपल्या वयाच्या मानाने जितके चांगले धावले, तितका तो तरुण आपल्या वयाच्या मानाने धावला नाही. याला कोणी दया म्हणेल, तर ते बरोबर नाही. सवलत घेऊन रमतगमत जाणारा म्हातारा येथे जिंकत नाही. आपल्या वयोगटात अत्यंत चपळ असलेलाच जिंकतो. शिवाय जो जिंकतो, त्याच्या सवलतीतून पुढच्या वेळी वेळ कापली जाते.

२०१० साली ही शर्यत आठ वर्षांच्या मुलीने जिंकली. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, बहात्तर वर्षांचे हान्स श्मिड विजयी झाले. साल व्हास्केझ यांनी सात वेळा पहिला क्रमांक मिळवला. परंतु या नियमाचे मर्म ज्यांच्या आयुष्यात सर्वाधिक उतरले, ते नॉर्मन ब्राइट. १९३७ साली, सत्ताविसाव्या वर्षी, ब्राइट यांनी ४७ मिनिटे २२ सेकंदांत ही वाट पार केली. हा विक्रम तीन दशकांहून अधिक काळ टिकला. तरीही त्या दिवशी पहिला क्रमांक त्यांचा नव्हता, कारण त्यांच्या आधी निघालेल्यास त्यांना गाठता आले नाही. सर्वांत वेगवान धावूनही शर्यत हरलेल्या तरुणाला काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. पुढे १९७० साली साठ वर्षांचे ब्राइट पुन्हा या वाटेवर उतरले. आता सवलतीची मिनिटे त्यांच्या बाजूला होती. ती शर्यत त्यांनी जिंकली. तरुणपणी ज्या नियमाने हातचा विजय नेला, त्याच नियमाने तो तेहतीस वर्षांनी परत दिला.

जॅक कर्क यांची कथा वेगळीच. ते १९३० साली पहिल्यांदा धावले आणि पुढे दर वर्षी येत राहिले. १९५१ साली ते जिंकले आणि १९६७ मध्ये, साठाव्या वर्षी, पुन्हा जिंकले. २००३ साली ९६ वर्षांचे कर्क सुरुवातीच्या रेषेवर उभे होते. २००७ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सर्वांना सामावून घेणाऱ्या या शर्यतीने एका मोठ्या समूहाला मात्र फार काळ दाराबाहेर ठेवले होते, हे विसरता येणार नाही. लांब पल्ल्याच्या धावण्याने स्त्रियांच्या प्रकृतीला अपाय होतो, असा त्या काळचा दृढ समज होता आणि क्रीडासंस्थांचे नियमही त्याला धरूनच होते. यातून एक पळवाट काढण्यात आली. १९१८ पासून स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. तिला शर्यत न म्हणता 'पदभ्रमण' म्हणण्यात आले. नाव पदभ्रमणाचे असले तरी स्त्रिया धावत होत्या. १९२२ नंतर तीही बंद पडली. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक गेले आणि १९७१ साली स्त्रियांना मुख्य शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळाला. पुढच्या दोनच वर्षांत, १९७३ मध्ये, मेरी एटा बोइटानो या दहा वर्षांच्या मुलीने सर्वांना मागे टाकून ती जिंकली. आधीच्या पन्नास वर्षांत वाटेच्या कडेला उभ्या राहिलेल्या किती जणींना हे जमले असते, याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

दार उघडण्याच्या या काळात ज्यांनी सर्वसामान्यांना धावण्याच्या छंदात ओढले, त्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डॉल्फिन साउथ एंड' या मंडळाचे नाव घ्यावे लागते. खाडीकाठी शेजारी शेजारी असलेल्या दोन पोहण्या-वल्हवण्याच्या क्लबांवरून हे जोडनाव आले. १९६६ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे आधारस्तंभ होते वॉल्ट स्टॅक. ते व्यवसायाने बांधकामावरचे बिगारी. गवंड्याला विटा आणि मसाला वाहून देणे हे त्यांचे काम. मंडळ सुरू झाले तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. महागडी प्रवेश फी नाही, पोशाखाचा थाट नाही, मंद धावणाऱ्याला हसणे नाही. बायकामुलांसह यावे आणि धावावे, असा या मंडळाचा रिवाज होता. डिप्सीच्या वाटेवर एकदा जाऊन समाधान न होणाऱ्यांसाठी जाण्या-येण्याची, सुमारे बावीस किलोमीटरची 'डबल डिप्सी' स्टॅक यांनी सुरू केली.

स्टॅक स्वतः वेगवान नव्हते. १९८१ साली हवाई बेटांवरील पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी स्पर्धेत त्र्याहत्तर वर्षांचे स्टॅक सव्वीस तासांहून अधिक वेळ घेऊन पोहोचले, पण पोहोचले. १९८८ मध्ये बुटांच्या नाइकी कंपनीने आपल्या प्रसिद्ध जाहिरातमालिकेचा प्रारंभ केला तो गोल्डन गेट पुलावरून उघड्या अंगाने धावणाऱ्या याच ऐंशी वर्षांच्या वृद्धाने. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

डिप्सीच्या शर्यतीपुढे आज एक अडचण आहे, आणि ती लोकप्रियतेतून आली आहे. वाट अरुंद आहे. मागून निघालेल्या तरुणाला शेकडो जणांना ओलांडावे लागते. तो मागूनच हाक देतो आणि पुढचा कडेला सरून जागा देतो. वाट संरक्षित जंगलातून जात असल्याने झाडोऱ्याचा आणि मातीचाही विचार करावा लागतो. पूर्वी ज्याला जी आडवाट माहीत असेल ती धरण्याची मुभा होती. त्यांतील काही आडवाटा आता बंद केल्या आहेत. त्यामुळे स्पर्धकांची संख्या सुमारे दीड हजारांवर थांबवावी लागते आणि इच्छुक त्याहून पुष्कळ असतात. काहींना अर्ज आधी आल्यामुळे प्रवेश मिळतो, काहींना सोडतीत. काही जागा लिलावात जातात, तर काही जण आपली कर्मकथा पत्रात लिहून आयोजकांना साकडे घालतात. लिलावाची रीत स्टॅक यांच्यासारख्या बिगाऱ्याला कितपत रुचली असती, ही शंका येथे नोंदवून ठेवावीशी वाटते.

शर्यतीच्या सकाळी मिल व्हॅलीच्या चौकात जो पहिला गट रेषेवर येतो, त्यात दुधाचे दात पडलेली मुले आणि पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा खांद्याला खांदा लावून उभे असतात. इशारा होतो आणि ते पायऱ्यांकडे निघतात. एकेका मिनिटाने पुढचे गट जातात. सवलत नसलेले तरुण मागे उभे राहून, हातापायांना ताण देत, घड्याळाकडे पाहत असतात. प्रत्यक्ष सर्वांत कमी वेळ घेणाऱ्यासाठी वेगळे पारितोषिक आहेच. पण त्यांची नजर पायऱ्यांवरून दिसेनाशा होणाऱ्या पांढऱ्या डोक्यांवर खिळलेली असते.

स्वाध्याय

१. सवलत व्यक्तीची कुवत पाहून देण्याऐवजी वयानुसार देण्यात आली. यामुळे कोणते वाद मिटले असतील? कोणते नवे निर्माण झाले असतील?

२. '१९३७ साली नॉर्मन ब्राइट यांच्यावर अन्याय झाला.' हे विधान तुम्हाला पटते का? सकारण लिहा.

३. स्त्रियांच्या शर्यतीला 'पदभ्रमण' हे नाव का देण्यात आले? नाव बदलून नियमातून वाट काढल्याचे तुमच्या परिसरातील एखादे उदाहरण आठ-दहा ओळींत लिहा.

४. तुमच्या गावात सर्व वयाच्या माणसांसाठी धावण्याची शर्यत भरवायची आहे. मार्ग कोणता असेल आणि कोणाला किती मिनिटे आधी सोडाल? तक्ता तयार करून शेजाऱ्यांशी चर्चा करा.