अंगोरा सशाचे पहिले वेत

आपल्या बालगोष्टींतला ससा एक पान पडले तरी आभाळ कोसळले असे समजून पळत सुटतो. भित्रेपणाखेरीज सशाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची भराभर होणारी वीण. या दोन्ही गोष्टी सर्वांना ठाऊक असल्याने ससेपालन हा सोपा उद्योग वाटतो. दोन-तीन माद्या आणि एक नर आणला की पुढचे निसर्गच पाहील, अशी समजूत असते. लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या अंगोरा सशाच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. लहानशा घरवाडीत पहिले वेत साधायचे तर कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात, त्याचा येथे थोडक्यात विचार करू.

जागा व हवामान

तुर्कस्तानातील अंकारा शहराचे जुने नाव अंगोरा. त्यावरूनच या जातीला हे नाव पडले. या लोकरीचा तंतू साधारण ११ ते १४ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे फार तलम असतो. त्याच्या आत हवेचे पोकळ कप्पे असतात. त्यामुळे ही लोकर वजनाला हलकी, पण विलक्षण उबदार असते.

हीच ऊब उन्हाळ्यात सशाच्या जिवावर येते. तापमान दीर्घकाळ ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर नराला तात्पुरते वंध्यत्व येते आणि मादी खाणे कमी करते. म्हणून आपल्या मराठवाड्या-विदर्भाच्या मैदानात हा व्यवसाय शोभत नाही. भारतात त्याचे खरे घर हिमाचल प्रदेशातील कुल्लू, मंडी यांसारख्या डोंगरी भागांत आहे. अविकानगर (राजस्थान) येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे एक केंद्र कुल्लू जिल्ह्यात गडसा येथे असून तेथे जर्मन अंगोरा सशांवर संशोधन झाले आहे. कुल्लू खोऱ्यात विणकाम घरोघर चालते. थोडी शेती, एखादी गाय आणि घरामागे सशांचे काही पिंजरे, एवढ्या संसारात हा जोडधंदा सामावतो.

जोडी लावणे

मादी सहा-सात महिन्यांची, वजनाने भरलेली व निरोगी असावी. नर तिच्या रक्ताचा नसावा. गाईप्रमाणे सशीच्या माजाला ठरावीक चक्र नसते. नराशी संयोग झाल्यानंतर दहा-बारा तासांनी तिचे बीजांड सुटते. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे, नराला मादीकडे नेऊ नये. कारण आपल्या जागेत आलेल्या परक्यावर मादी धावून जाते. काही मिनिटांत संयोग झाला नाही तर तिला परत आणावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. शक्य असल्यास दोन माद्या एकाच दिवशी फळवाव्यात. एकीला जास्त पिले झाली तर काही दुसरीच्या पेटीत ठेवता येतात.

मादी फळवण्यापूर्वी तिची लोकर कातरून घ्यावी. याचे कारण पुढे येईल.

एकतीस दिवस

गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. बाराव्या ते चौदाव्या दिवशी जाणकार माणूस पोट हलक्या हाताने चाचपून बोराएवढ्या गाठींवरून मादी गाभण आहे की नाही हे सांगतो. नवख्याने पोट दाबून पाहू नये. कधी कधी गर्भ नसतानाही मादी सतराव्या दिवसाच्या सुमारास केस उपटून घरटे करू लागते. ती खोटी गाभण होय.

अठ्ठाविसाव्या दिवशी पिंजऱ्यात कोरड्या मऊ गवताची लाकडी पेटी ठेवावी. मादी आपल्या पोटावरची लोकर उपटून त्यात अंथरते. येथेच अंगोराची अडचण सुरू होते. लांब तंतूंचे धागे होऊन ते पिलांच्या मानेला, पायाला गुंडाळले जातात आणि ऊब देणारी लोकरच फास बनते. लोकर महिन्याला सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर वाढते. फळवण्यापूर्वी कातरणी झालेली असेल तर व्यायच्या वेळी ती आखूडच राहते. तरीही लांब लोकर दिसल्यास ती काढून कात्रीने बारीक करून परत घालावी.

पिलांची जोपासना

एका वेतात सरासरी पाच-सहा पिले होतात. ती उघडी, डोळे मिटलेली असतात. व्याल्यानंतर पेटी तपासून मेलेली पिले काढावीत. त्या दिवसांत कुत्रे, गोंगाट, पाहुण्यांची वर्दळ टाळावी. घाबरलेली मादी पिलांना तुडवते, कधी मारूनही टाकते.

मादी पिलांजवळ बसत नाही, म्हणून नवखा पालक घाबरतो. पण सशी दिवसातून साधारण एकदाच, तीन-चार मिनिटे दूध पाजते. सकाळी पिलांची पोटे गोल व तुकतुकीत दिसली की काळजीचे कारण नाही. पोटे सुरकुतलेली दिसली तर मात्र लगेच उपाय करावा. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी पिले पेटीबाहेर येतात आणि सहा आठवड्यांनी त्यांचे दूध तोडतात.

हिशेब

इटलीतील गणिती फिबोनाची याने इ. स. १२०२ मध्ये सशांच्या एका जोडीचे कोडे घातले होते. वर्षअखेर उत्तर येते ३७७ जोड्या! पण कागदावरचे ससे खात नाहीत. तीन माद्यांची प्रत्येकी पाच पिले जगली तर पंधरा तोंडे वाढतात. मोठे झाल्यावर प्रत्येकी दिवसाला १५० ग्रॅम खुराक धरला तरी महिन्याला सुमारे ६७ किलो होतो, गवत वेगळेच. शिवाय तीन-चार महिन्यांनंतर प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा लागतो. एकत्र ठेवल्यास ते भांडतात आणि लोकर गुंतून नमद्यासारखी होते. पहिली कातरणी दोन महिन्यांनी होते, पण तिची लोकर थोडी व आखूड असते. पुढे दर अडीच-तीन महिन्यांनी कातरणी करता येते. मात्र भरघोस उत्पन्न ससा प्रौढ झाल्यावरच मिळते. म्हणजे खर्च आधी येतो, उत्पन्न मागाहून.

आणखी एक गोष्ट. लोकर आणि दूध दोन्ही खुराकातील प्रथिनांवर तयार होतात. म्हणून गाभण व दुभत्या मादीची लोकर घटते. तिच्याकडून लागोपाठ वेते घेऊन वर भरपूर लोकरीचीही अपेक्षा ठेवली तर दोन्ही हातचे जाते, मादीही खंगते. पहिल्या वर्षी मोजकी वेते घ्यावीत, मधल्या काळात मादीला विसावा द्यावा आणि जेवढे पिंजरे व जेवढे गवत, तेवढीच पिले वाढवावीत.

अर्थशास्त्रात आपण भांडवल आणि उत्पन्न यांतील भेद शिकतो. घरवाडीत तो एकाच मुक्या जीवात एकत्र आलेला असतो. पिले हे भांडवल, लोकर हे उत्पन्न, आणि दोन्हींचा भार वाहणारी मादी एकच. तिला किती पेलते हे ओळखूनच वेताचा विचार करणे, हाच या व्यवसायाचा पहिला धडा होय.